नथूआबांचे पाच थांबे

माणूस दळणावरून कळतो, असं बावीस वर्षं गिरण चालवल्यावर माझं मत झालंय. कुणाच्या घरी एकाएकी नाचणी सुरू झाली म्हणजे डॉक्टरनं साखर निघाल्याचं सांगितलंय. कुणाचा डबा पंधरा दिवसांऐवजी आठव्या दिवशी आला म्हणजे लेक माहेरी आलीय आणि लवकर परत जायची लक्षणं नाहीत. हे सगळं मी गिरणीच्या वहीत टिपते. मधे डब्याचा नंबर आणि नाव, आणि उजव्या समासात ज्याचं त्याचं जे काही असेल ते. ही वही मी कुणाला दाखवत नाही. आजवर एकदाच दाखवली, नथूआबांपायी.

आमचं गाव इंदुरी. खाली नदी, वर वस्ती, आणि दोन्हींच्या मधे किल्ल्याच्या भिंतीला धरून गेलेला चढ. या चढाच्या बरोबर मध्यावर माझी गिरण आहे. आबांचा गोठा खाली नदीकडे आणि घर चढाच्या टोकाला, त्यामुळे दिवसातून दोनदा तरी ते गिरणीवरून जायचे. जायचे म्हणजे नुसते जायचे. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण पाय असा पडायचा की मी पट्टा सरळ करून मान वर करेपर्यंत आबा वळणापलीकडे गेलेले असायचे. बोलणं तर विचारूच नका. गावात कुणी गेलं तरी “व्हय का?” आणि कुणाला मुलगा झाला तरी “व्हय का?”

त्यांची सगळी बोलणी बैलांशी. बैलगाड्याच्या शर्यतीत गाडा सुटायच्या आधी दोन उधळलेल्या बैलांच्या मानेवर जू ठेवून त्यांना क्षणभर धरून ठेवायचं काम असतं. त्यात आबा आणि त्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार दस्तगीरभाऊ यांच्यासारखी जोडी मावळात नाही, असं लोक म्हणतात. आबा स्वतः तसं म्हणत नाहीत, पण दुसरं कुणी म्हणालं तर थांबवतही नाहीत.

तर असे हे आबा गेल्या गणपतीनंतर एक दिवस माझ्या गिरणीच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, “काय रेणुके, बरं चाललंय ना?”

माझ्या हातातून चाळण पडायची राहिली. मी म्हटलं, “आबा, दळण आणलंय का?”

“न्हाई. सहज बसलो.”

सहज! मी वहीत लिहिलं: आबा बसले. सहज म्हणतात.

पुढच्या आठवड्यात ते रोज बसायला लागले. पितृपक्षात गिरणीच्या आधी रतनबाईच्या ओट्यावरही बसायला लागले. दसऱ्याला पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर. दिवाळीपर्यंत गिरणीच्या वर आणखी दोन थांबे झाले. एक, कायम बंद असलेलं एटीएम. त्याच्यासमोर आबा पैसे काढायला आल्यासारखे उभे राहायचे आणि तिथं आलेल्या प्रत्येकाला “बंद हाय” असं सांगायचे, जसं काही बँकेनंच त्यांना नेमलंय. आणि दुसरा, शहिस्ताचं ब्युटी पार्लर.

गाव खूश होतं. म्हातारपणी आबा माणसात आले म्हणायचे. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोराला वराळ्याच्या कंपनीत चिकटवलं, सगळं विचारायचे. माझी वही मात्र वेगळंच सांगत होती. खाली जाताना आबा कुठंच बसत नव्हते. माणसात यायचं असेल तर माणूस उतरतानाही येईल की! आणि बसल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं ते काही बोलायचे नाहीत. समोरच्याला एक प्रश्न टाकायचा, तो उत्तर देत बसला की आपण नुसती मान हलवायची. जेवणानंतर आले तर थांबे वाढायचे. हातात चाऱ्याची पेंढी असली तर आणखी वाढायचे.

मी हे बोलणारच होते, पण त्याआधी भामामावशी, म्हणजे आबांची बायको, डबा न घेताच गिरणीत आली. गिरण चालू होती तरी तिचा आवाज मला नीट ऐकू आला.

“रेणुके, खरं सांग. माझं म्हातारं त्या पार्लरपुढं काय करतं गं?”

“बसतात.”

“ते मला अख्ख्या गावानं सांगितलंय. का बसतात?”

मी गिरण बंद केली आणि वही तिच्यापुढं ठेवली. मावशी चौथी शिकलेली. बोट ठेवत ठेवत तिनं समास वाचला. सप्टेंबरात एक थांबा, ऑक्टोबरात तीन, नोव्हेंबरात पाच. तिचा राग एकेका ओळीनं उतरत गेला आणि शेवटच्या पानाशी ती ओट्यावर, आबा बसायचे तिथंच, मटकन बसली.

“मागल्या बारीला बी असंच झालतं,” ती म्हणाली. “जाळी बसवली तवा.”

सात वर्षांपूर्वी आबांच्या छातीत कळ आली होती. तेव्हा पुण्यात नेऊन त्यांच्या हृदयाच्या उजव्या धमनीत स्टेंट बसवला होता. आमच्याकडं त्याला जाळी म्हणतात. बारीक स्प्रिंगसारखी नळी असते, ती आतून रक्तवाहिनी उघडी धरून ठेवते. त्यानंतर आबा इतके ठणठणीत झाले की ते पेशंट आहेत हे आम्ही सगळेच विसरलो होतो.

संध्याकाळी आबा येऊन बसले तेव्हा मावशी गिरणीच्या आतून बाहेर आली.

“छातीत दुखतं का न्हाई?”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी पट्ट्याकडं पाहिलं.

“दुखत न्हाई,” ते म्हणाले. “मानंवर ठेवायचं जू कुनीतरी छातीवर ठेवल्यावानी हुतं. बसलं की उतरतं. मंग कशाला बोंब मारायची?”

“आणि पार्लर?”

“तितं खुर्ची असती,” आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आबांच्या मुलानं, ओंकारनं, गाडी काढली. वहीमुळं गाडीत माझीही जागा झाली.

पुण्याच्या डॉक्टर अनघा पन्नाशीच्या आतबाहेर, बोलायला शांत. त्यांनी आबांना विचारलं, “त्रास कधीपासून?” आबा म्हणाले, “परवापासनं.” मावशीनं माझ्या हातातली वही ओढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती सगळी वाचली, समासासकट. मधे एकदा हसल्या. तिथं सरपंचांच्या घरच्या नाचणीबद्दल होतं.

“पेशंट इतका व्यवस्थित इतिहास कधी देत नाहीत,” त्या म्हणाल्या. मला त्या दिवशी घरी येईपर्यंत तेच वाक्य पुरलं.

अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. डावीकडच्या वाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरल्या होत्या. उजवीकडची वाहिनी मात्र जुन्या स्टेंटच्या तोंडाशी येऊन छाटल्यासारखी संपत होती. जाळी आतून भरून पार बंद झाली होती. आजकालची नाही, बऱ्याच महिन्यांची.

“मग हे जिवंत कसे?” ओंकारनं विचारलं आणि जीभ चावली.

“यांच्या हृदयानं स्वतःच सोय केलीय. ह्या केसासारख्या रेघा दिसतात? डावीकडून उजवीकडं बारीक बारीक आडवाटा पाडल्यात. त्यांच्यावर चाललंय. बसल्या जागी पुरतं, चढावर पुरत नाही.”

आबांनी मान पुढं काढून पाहिलं. “म्हंजे एक्सप्रेस वे बंद, आन उर्शा गावाच्या गल्लीतनं गाड्या.”

“अगदी तसंच.”

“गाड्या पोचत्यात ना पर? मंग ऱ्हाऊ द्या.”

“गोळ्या रोज घेता ना?” डॉक्टरांनी विचारलं. “रक्त पातळ राहायची, कोलेस्टेरॉलची?”

“येक दिवस चुकत न्हाई,” आबा म्हणाले. एवढं ठाम ते फक्त बैलाच्या वयाबद्दल बोलतात.

डिसेंबरात पहिला प्रयत्न झाला. मनगटातून तार घालून बंद जाळीत वाट काढायची होती. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आल्या. तोंडाशी गाठ दगडासारखी झालीय, तार पुढं जात नाही, जोर केला तर वाहिनीला इजा होईल, म्हणून थांबले, असं त्यांनी सांगितलं. “पुढच्या वेळी मागून जाऊ. त्याच आडवाटांनी तार उलटी फिरवून बंद जागेच्या पलीकडच्या टोकाला पोचायचं. नाजूक काम आहे. वेळ लागेल. पण होण्यासारखं आहे.” तारीख मिळाली जानेवारीच्या शेवटी. नाहीतर बायपासचा रस्ता होताच. आबांनी तो ऐकूनच घेतला नाही.

घरी आल्यावर थांबे पाचाचे सात झाले. आणि आबा हिशेब करू लागले. गावची यात्रा फेब्रुवारीच्या मध्यावर. जानेवारीत जाळी, पंधरा दिवस आराम, मग घाटात. शर्यतीच्या धावपट्टीला आमच्याकडं घाट म्हणतात. आबांचा पाखऱ्या नावाचा खोंड यंदा पहिल्यांदाच पळणार होता.

ॲडमिट व्हायच्या चार दिवस आधी दस्तगीरभाऊ दळण घेऊन आले. डबा ठेवला आणि गेलेच नाहीत. सगळ्यांची दळणं झाली, तरी भाऊ कोपऱ्यात उभे. या भाऊंना बैलानं दोनदा तुडवलंय, दोन्ही वेळा हसत उठले होते. त्या दिवशी हसत नव्हते.

“रेणुका, एक विचारू? जाळीवाल्यानं गोळ्या बंद ठेवल्या तर काय हुतं?”

“कुणी ठेवल्या?”

भाऊंनी बाहेर बघून घेतलं. “त्या गोळीनं रगत थांबत न्हाई. कासरा घासला, शिंग लागलं, तर तासभर गळत ऱ्हातं. आन आमच्यात जुवाला जुंपनाऱ्याचं रगत लागलं तर गाड्याची बारी फुकट गेली म्हनत्यात, गाडावाला उभं करत न्हाई. बंदी उठून शर्यती सुरू झाल्या तवापासनं नथ्या हंगामात गोळ्या ठेवतो बाजूला. दोन महिने, तीन महिने. पाकीट गोठ्यात, पेंडीच्या पोत्यामागं. मला आईची शपथ घातलीय.”

“आणि यंदा?”

“यंदा बी म्हनतोय. यात्रेच्या आठ दिस आधी बंद करनार. नवी जाळी हाय, चार दिस दम काढंल म्हनतो.”

मी म्हटलं, “भाऊ, हे तुम्हीच सांगायचं. मी सांगितलं तर वहीतली आणखी एक चहाडी होईल.”

“शपथ हाय गं.”

“कुणाच्या आईची?”

“त्याच्या.”

“मग तुम्हाला कसली बाधते?”

भाऊंनी विचार केला. चौथ्या दिवशी पहाटे गाडीत तेही बसलेले होते.

डॉक्टर अनघांच्या खोलीत भाऊ आबांच्या मागं उभे राहिले आणि एका दमात सगळं बोलून गेले. आबा वळलेही नाहीत. मानेची शीर तेवढी ताठ झाली.

“दस्त्या, आजपासनं तू माज्या बैलाला हात लावायचा न्हाई.”

“नको लावू दे. तू हाईस तवर बैल हाय.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “आबा, जाळी बंद पडली ती फक्त यामुळंच, असं मी म्हणणार नाही. सगळं नीट घेऊनही काहींची भरते. पण तुम्ही तिला मदत केलीत. आणि आता ऐका. आज मी ती उघडली आणि आठवड्याभरानं तुम्ही गोळी थांबवलीत, तर गुठळी होऊन ती एका क्षणात बंद होईल. तेव्हा थांबे घ्यायलाही वेळ मिळणार नाही. तुम्ही गोळ्या सोडणार असाल, तर मी तार आत घालणार नाही. बोला.”

भामामावशी नवऱ्याकडं बघत नव्हती, भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडं बघत होती. तिच्या हातात आबांच्या चपलांची पिशवी होती आणि तिची गाठ ती परत परत सोडून बांधत होती. आबांना ते दिसलं. मला वाटतं, डॉक्टरांच्या बोलण्याआधी त्यांना तेच दिसलं.

“पाकीट पोत्यामागं हाय,” ते मावशीला म्हणाले. “गेल्यावर काढून तुज्याकडं ठिव.”

चार तास दहा मिनिटं लागली. मनगटातून एक, जांघेतून एक, अशा दोन बाजूंनी तारा. आबा जागे होते. नंतर त्यांनी सांगितलं की डॉक्टर एकदाही ओरडल्या नाहीत, घाई केली नाही. तार जरा पुढं, थांब, बघ, परत मागं. “बिचकलेल्या खोंडाला असंच जुवाखाली आनत्यात,” आबा म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मी कुणाला मिळालेली ऐकलेली नाही. डॉक्टरांनाही त्यांनी ती तोंडावर दिली. बाई बैलाशी तुलना ऐकून काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्या म्हणाल्या, “मग पाखऱ्या पळाला की मला फोटो पाठवा.”

बाहेर आम्ही चौघं बाकावर बसलो होतो. दस्तगीरभाऊ जप करत होते. मावशी अधूनमधून त्यांच्याकडं झुकून विचारायची, “माज्याकडनं बी करताय ना?” ते मान हलवायचे. डॉक्टर बाहेर आल्या, टोपी काढली, कपाळावर तिचा वळ उठला होता. “रक्त वाहायला लागलं,” एवढंच म्हणाल्या. मावशीनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि काही बोलायचं सोडून ते नुसतेच आपल्या कपाळाला लावले.

यात्रेला आबा घाटात गेले, पण जू धरायला नाही. त्या दिवशी ते माणसांत बसले. पुढच्या गावच्या यात्रेला, महिन्याभरानं, डॉक्टरांना विचारून उभे राहिले, तेही हातमोजे घालून. रोशनबीनं, दस्तगीरभाऊंच्या बायकोनं, जाड कॅनव्हासचे शिवून दिले होते, कोपरापर्यंत. सगळा घाट हसला. कुणी ओरडलं, “आबा, ऑपरेशनला उभं ऱ्हायलाय का?” आबा म्हणाले, “व्हय का?” आणि पाखऱ्याला धरलं. दस्तगीरभाऊ दुसऱ्या बैलाकडं होते. हात न लावायची आज्ञा कधी उठली, हे दोघांनाही आठवत नव्हतं. गाड्याला तिसरा नंबर मिळाला.

पण मला सांगायचंय ते चढाचं.

बरे झाल्यावर आबा पहिल्यांदा गोठ्यातून वर आले तेव्हा एकदाही थांबले नाहीत. टाकी, रतनबाई, मी, एटीएम, पार्लर, सगळं मागं टाकत सरळ घरी. मी गिरण बंद करून बघत उभी होते. फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभरात तक्रारी गिरणीत जमा व्हायला लागल्या. शहिस्ता म्हणाली, “आबांची खुर्ची आत घेऊ का बाहेरच ठेवू?” मी विचारलं, “ती तुझ्या गिऱ्हाइकांची ना?” ती म्हणाली, “गिऱ्हाइकं आत बसतात, रेणुकामावशी. आबा भिंतीला धरून उभे राहायचे, म्हणून मी बाहेर काढली होती.”

मग मी रतनबाईकडं गेले. बाई ऐंशीच्या, डोळ्यांनी अधू. त्या आबांना ओट्यावर धरून ठेवतात, एकच गोष्ट तीनदा सांगतात, असं मी स्वतः समासात लिहिलं होतं.

“मला दिसत न्हाई गं,” त्या म्हणाल्या, “पर ऐकू येतं. लोहाराच्या भात्यावानी श्वास लागायचा त्याला. उठायची घाई करायचा. म्हनून मी लांबन लावायची. माज्या भावाची गोष्ट संपली की परत पयल्यापासनं.”

मी गिरणीत येऊन ती ओळ खोडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आबांना मी हे सगळं गिरणीच्या दारात उभं करून सांगितलं. ते ऐकत राहिले. “व्हय का?” म्हणाले आणि गेले. मला वाटलं, झालं, आले मूळ स्वभावावर.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी खालून हलगी वाजायला लागली. जिंकलेल्या बैलाची मिरवणूक निघते आणि त्याच्यासाठी ज्यांनी खस्ता खाल्ल्या त्यांच्या दारापुढं बैल उभा करून ओवाळून घेतात, ही आमच्याकडची रीत आहे. पण ती पहिल्या नंबरासाठी. तिसऱ्या नंबराची मिरवणूक गावानं कधी बघितली नव्हती. पुढं झूल घातलेला पाखऱ्या, एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला दस्तगीरभाऊ, मागं भामामावशी ताट घेऊन. बैल टाकीपाशी थांबवला. मग रतनबाईच्या ओट्याशी. गिरणीशी थांबवला तेव्हा मी पिठानं पांढरी, तशीच ओवाळायला गेले. आबांनी पाखऱ्याला एटीएमसमोरही उभं केलं. तिथं ओवाळायला कुणीच नव्हतं, तर आबांनी स्वतःच मशीनला गुलाल लावला. शहिस्तानं खुर्ची पुसून ठेवली होती. आबा खुर्चीत ऐटीत बसले आणि तिनं बैलाच्या शिंगांना नेलपॉलिश लावलं.

मिरवणूक वर पोचली, लोक पांगले. तेव्हा आबा एकटेच परत खाली आले आणि रतनबाईच्या ओट्यावर बसले. बाई पुढं वाकल्या, कान त्यांच्याकडं केला, बराच वेळ तशाच राहिल्या.

“काईच ऐकू येत न्हाई की रं,” त्या म्हणाल्या.

“न्हाई येणार.”

“मंग बसलास कशाला? जा की घरी.”

“त्या तुमच्या भावाची गोष्ट,” आबा म्हणाले, “मला कंदी नीट ऐकूच आली न्हाई. पयल्यापासनं सांगा.”

मी गिरण बंद करून दारातून बघत, ऐकत होते. वही उघडली, समासात वेळ टाकली. ते उठले तेव्हा परत टाकली. पाऊण तास.